बियाकची आई

"सकाळी झाडू घेतला, तर जावयाने हातातून काढून घेतला. जावयाने! परवा मोहरीच्या वाफ्यात जरा बसले, तर झुंग धावत आली, उठा उठा, वारा गार आहे. आता ही दोन भांडीसुद्धा घासायची नाहीत म्हणे. मी काय या घरची पाहुणी आहे, का घरात कुणी मेलंय?"

म्हातारी हे कुणाला सांगत नव्हती, नळाला सांगत होती. पण कपडे धुवायच्या खोलीचं दार पातळ. दारामागे ओल्या चादरींची टोपली कमरेवर घेऊन तिची मुलगी रेम उभी होती, ती तिथल्या तिथे थिजली.

आमच्या लोकांत मयताच्या घरच्यांनी कामाला हात लावायचा नाही. केर नाही, चूल नाही, भांडी नाहीत. त्यांनी नुसतं बसायचं, बाकीचं सगळं गाव करतं. ब्रह्मदेशातल्या डोंगरात ते गावाने केलं. क्वालालंपूरला एका खोलीत तीन कुटुंबं राहायची, तिथे ते शेजारच्या चटईने केलं. इथे मेलबर्नच्या कडेला, जिथे शेजाऱ्याचं नाव त्याच्या कचऱ्याच्या डब्यावरून कळतं, तिथे ते आमचं चर्च करतं. हे अंगात इतकं मुरलंय की बातमी लपवायची म्हटलं तरी हात ऐकत नाहीत. सासूच्या हातून झाडू ओढून घेताना रेमच्या नवऱ्याला, चेऊला, आपण काय करतोय हे कळलंही नव्हतं.

कारण घरात मेलंच होतं. बातमी येऊन बारा दिवस झाले होते.

रेमचा थोरला भाऊ बियाक. तिथल्या डोंगरातल्या लुंगझार गावचा पास्टर. त्या वर्षी तिसऱ्यांदा सैनिक रस्त्याने वर आले आणि गाव तिसऱ्यांदा जंगलात पळालं. मागे राहिल्या अंथरुणाला खिळलेल्या दोन बाया आणि पांगळा पू खार, म्हणजे खारआजोबा. बियाक त्यांना आणायला परत गेला. दोघींना एकेक करून पाठीवर आणलं, मग पू खारला गावाबाहेर काढून झाडीकडे ढकललं, आणि स्वतः राहिला तो राहिलाच. चर्च दोन दिवस जळत होतं. तो खाली झऱ्यापाशी सापडला. जंगलातच पुरला त्याला, घंटा न वाजवता, गीत न म्हणता. आवाज खाली सैनिकांपर्यंत गेला असता. न गाता माणूस पुरायचा! फोनवर चुलत भाऊ गोळी लागल्याचं सांगताना रडला नव्हता, हे सांगताना रडला.

म्हातारीच्या हृदयात महिन्यापूर्वीच डॉक्टरांनी जाळी बसवली होती. सहा आठवडे जपा, कसलाही धक्का नको, असं बजावून घरी पाठवलं होतं. त्यामुळे बातमी आली त्याच दिवशी चर्चच्या आवारात, गाड्यांच्या मधे उभं राहून, मंडळींनी ठरवलं की एवढ्यात सांगायचं नाही.

"प्रभू योग्य वेळ दाखवील," पास्टर म्हणाले.

"प्रभू दाखवील तेव्हा दाखवील, तोवर आपापली तोंडं सांभाळा," पी झुंग म्हणाली. पी झुंग, म्हणजे झुंगआजी, ही म्हातारीची लुंगझारपासूनची मैत्रीण, आणि तोंड सांभाळण्याच्या बाबतीत चर्चमधली सगळ्यात कच्ची बाई.

सगळ्यांनी तोंडं सांभाळली. फक्त एक घोटाळा झाला, आणि तो आमच्यातच होऊ शकतो.

आमच्यात पहिलं मूल झालं की बाईचं स्वतःचं नाव मागे पडतं. तियाल हे नाव म्हातारीच्या दवाखान्याच्या कार्डावर होतं, इमिग्रेशनच्या कागदांवर होतं. माणसांच्या तोंडी ती चव्वेचाळीस वर्षं बियाकची आई होती. नवरासुद्धा मरेपर्यंत तिला हीच हाक मारत होता. आता ही हाक कुणाच्या घशातून निघेना. निघाली तर मागून रडू निघेल याची खात्री. मग एका दिवसात, कुणी कुणाला न सांगता, अख्खं चर्च तिला 'पी तियाल' म्हणायला लागलं. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातून नुकतंच बाहेर काढल्यासारखं.

त्या शनिवारी दुपारी पी झुंग पुन्हा आली. हातात चहाचं पाकीट आणि साखर.

"पुन्हा साखर?" म्हातारी म्हणाली. "बारा दिवसांत सातवी पिशवी. मला मधुमेह व्हावा अशी प्रार्थना चाललीय का चर्चमध्ये?"

"स्वस्त होती. कशी आहे तब्येत, बिया..." पी झुंग अडखळली. डोळे भरले. तिने टेबलावरचा डबा पुढे ओढला. "बिस्कीट घ्या."

"माझ्याच घरात मलाच बिस्कीट?"

"घ्या हो, पी तियाल."

म्हातारीने बिस्कीट घेतलं. खाल्लं नाही, हातात धरून बसली. मयताच्या घरी चहा-साखरेशिवाय जाऊ नये हे पी झुंगला तिच्या आईने शिकवलं होतं. ते न आणण्याची अक्कल तिला कोण शिकवणार? रेम मधेच उठून मोरीत जाऊन आली, उगाचच. परत आली तेव्हा दोघी म्हाताऱ्या खिडकीबाहेर बघत होत्या. कुंपणावर दोन मॅगपाय पक्षी भांडत होते.

संध्याकाळची प्रार्थना हे रेमचं खरं मरण होतं.

जेवण झालं की टेबल पुसायचं, बायबलमधला एक उतारा वाचायचा, आणि म्हातारी प्रार्थना करायची. तिची प्रार्थना म्हणजे देवाला दिलेली कामांची यादीच. देवा, चेऊच्या कारखान्यात त्याची पाळी बदलू दे. देवा, झुंगच्या सुनेला जरा बोलायला शिकव, नाहीतर झुंगला जरा कमी बोलायला शिकव. आणि शेवटी, न चुकता, बियाक. "माझ्या बियाकचा गुडघा सांभाळ. त्याला मीठ मिळू दे. त्याचे पाय कोरडे ठेव."

पायांचं कारण होतं. पावसाळ्यात बियाकचे पाय कुजायचे, बोटांमधून रक्त यायचं. म्हणून मागच्या वर्षी रेमने जुन्या वस्तूंच्या दुकानातून हिरवे गमबूट घेतले होते. सीमेपलीकडून जाणाऱ्या एका माणसाबरोबर ते पाठवले, आणि चार महिन्यांनी फोटो आला. बियाक चर्चच्या पायरीवर, बूट घालून, पाय पुढे करून, लहान पोरासारखा हसत.

झऱ्यापाशी तो सापडला तेव्हा अनवाणी होता. हे रेमला एकटीला ठाऊक होतं. चेऊलासुद्धा तिने सांगितलं नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी "पाय कोरडे ठेव" झाल्यावर तिने आमेन म्हटलं. दुसऱ्याही. मग बुधवारी तोंड उघडलं आणि आतून काहीच आलं नाही. चेऊचं आमेन आलं, जाडंभरडं, घाईचं. रेमने खोकल्याचं सोंग केलं. त्यानंतर रोजच खोकला. म्हातारीने मधात आलं घालून द्यायला सुरुवात केली. रेम तो मध निमूटपणे खायची आणि तिला वाटायचं, मी मेलेल्या भावासाठी आमेन म्हणत नाही आणि जिवंत आईकडून औषध घेते. यातलं पाप नक्की कोणतं?

पण तिला जाळीची एवढी भीती नव्हती. दुसऱ्याच गोष्टीची होती.

दोन वर्षांपूर्वी बियाकचे कागद झाले होते. इथे यायचे. रेमने अर्ज भरले, वकिलाच्या पायऱ्या झिजवल्या, आणि अखेर होकार आला. बियाकने फोन केला तो आईला. तेव्हा फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावलेला असायचा, म्हणून रेमने सगळं ऐकलं.

"आई, काय करू?"

"मला काय विचारतोस? पास्टर तू आहेस."

"तुलाच विचारतोय."

म्हातारीने टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "तू आलास तर पू खारला पुरणार कोण? थांब तिथे."

"बरं," बियाक म्हणाला. एवढंच. मग त्याने इथल्या मोहरीची चौकशी केली.

रेम तेव्हा आईशी आठवडाभर बोलली नव्हती. नंतर बोलायला लागली, पण ते वाक्य गिळलेल्या माशाच्या काट्यासारखं राहिलं. आता म्हातारीला कळेल की बियाक गेला, आणि कसा गेला, तेव्हा तिला ते वाक्य आठवेल. एकदा आठवलं की मग ती कुणाकडे बघणार? आयुष्यभर तिने देवाला घरातल्या थोरल्या माणसासारखं वागवलं. त्याच्यावर चिडली, त्याला कामं सांगितली, त्याच्या पानात आधी वाढलं. रेमला वाटायचं, माझ्या आईकडे या जगात घर, गाव, नवरा काही राहिलेलं नाही, तेवढा तो एक आहे. तोही जाईल. आणि त्याहून खाली, जिथे स्वतःलाही बघवत नाही तिथे, रेमला असंही वाटायचं की जाऊ दे. तिनेच थांब म्हटलं होतं ना?

असं वाटलं की ती उठून चादरी धुवायची. घरातल्या चादरी इतक्या स्वच्छ कधीच नव्हत्या.

रविवारी तीन वाजता चर्चमध्ये बियाकची स्मरण-उपासना ठेवली होती. जंगलात जे गाता आलं नाही ते इथे गायचं. म्हातारी दुपारी झोपते, तेव्हा चेऊ घरी थांबेल आणि रेम जाईल असं ठरलं. रेमने सांगून टाकलं की वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात जादा पाळी आहे. कामाचे कपडे चढवले. काळी विणलेली शाल घडी करून पिशवीत तळाशी घातली आणि वर एप्रन कोंबला.

बाहेर आली तर म्हातारी बैठकीच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसलेली. केसांना तेल. अंगावर तिने स्वतः लुंगझारच्या ओसरीत विणलेला काळा कपडा, लाल काठांचा, जो लग्नाला आणि मरणालाच बाहेर निघतो. पायात मोजे आणि बूट. चेऊ दाराशी उभा होता, आणि त्याचा चेहरा शाळेत पकडलेल्या पोरासारखा झाला होता.

"मी काही बोललो नाही," तो म्हणाला. "देवाशपथ."

"चर्चला जाणारा माणूस, शपथ कसली घेतोस?" म्हातारी म्हणाली. मग रेमकडे वळली. "धुलाईच्या कामाला हल्ली शाल लागते का गं?"

रेमच्या हातातून पिशवी गळाली.

"हाक मार मला," म्हातारी म्हणाली.

"आई..."

"ती नव्हे. सगळे मारतात ना, ती हाक. मारायचे, बारा दिवसांपूर्वीपर्यंत."

रेमने तोंड उघडलं. मिटलं. तिला ते जमेना.

"बघ," म्हातारी हळू आवाजात म्हणाली. "झुंग पहिल्यांदा मला पी तियाल म्हणाली ना, मी मागे वळून बघितलं, ही कुणाला हाक मारतेय. मग पास्टरही तेच म्हणाले. मग ती गिटारवाली पोरंसुद्धा. मला वाटलं, माझ्या कानांत काही झालं असेल. जाळी हृदयात बसवली, बिघाड कानात. मग बुधवारी तुझं आमेन आलं नाही."

"मला खोकला..."

"लहानपणापासून तुला खोटं बोलताना खोकला येतो."

रेम तिच्या पायाशी खाली बसली. चेऊ बाहेर गेला आणि अंगणात उगाच नळ सोडून उभा राहिला. त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

"छातीत दुखतंय का?" रेमने विचारलं.

"दुखतंय. पण जाळी आहे तिथे नाही."

"मग एवढे दिवस का मागत होतीस त्याच्यासाठी? रोज? गुडघा, मीठ... मी वेडी व्हायची राहिले, आई."

म्हातारी तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. "तुम्ही सगळे माझ्यासाठी एवढे धडपडत होता. साखर आणत होता. म्हटलं, यांना वाटू दे जमतंय. आणि खरं सांगू? मी मागायचं थांबले असते, तर तो माझ्या तोंडून मेला असता. आईच्या तोंडून नको मरायला. आणखी एक दिवस, आणखी एक दिवस, असं करत बारा झाले. आता ऊठ. तोंड धू. तीन वाजता सुरू करणार आहेत ना? या घरची दारं पातळ आहेत, मलाही ऐकू येतं. आपल्या लोकांचे तीन म्हणजे साडेतीन, तरी ऊठ."

गाडी चेऊ चालवत होता. दोघी मागे बसल्या. रस्त्याच्या कडेच्या निलगिरींची सालं लोंबत होती. रेमला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच सांगवणार नाही.

"त्याच्या पायांत बूट नव्हते, आई."

म्हातारीने मान वळवली नाही. "मग कुणाच्या पायांत होते?"

रेम बघतच राहिली. "पू खारच्या. जंगलात काटे होते, आणि त्याला सरपटत जायचं होतं, म्हणून बियाकने काढून त्याला घातले. पू खार जिवंत आहे. बूट अजून काढत नाही म्हणतात, झोपतानासुद्धा."

"पायाला मोठे होत असतील त्याला," म्हातारी म्हणाली, आणि मग तिचा चेहरा एकदम चुरगळला. बाराही दिवस धरून ठेवलेलं सगळं आवाज न करता खाली आलं. रेमने तिला धरलं. समोरच्या आरशात चेऊचे डोळे लाल दिसत होते. सिग्नल हिरवा होऊन गेला, मागच्या गाडीने भोंगा वाजवला, तरी तो हलला नाही.

गाडी पुन्हा चालू झाल्यावर रेम म्हणाली, "देवाने राखलं नाही त्याला."

"नाही राखलं."

"तुला राग नाही येत?"

"येतो की. रोज येतो. म्हणून तर रोज बोलते त्याच्याशी. ज्याच्यावर राग नाही त्याच्याशी कोण एवढं बोलतं?" तिने काठाला डोळे पुसले. "स्वतःच्या पोराला तरी क्रुसावर कुठे राखलं त्याने?"

"हे काय उत्तर झालं?"

"उत्तर नाहीच आहे गं ते. पण ज्याचं पोर असंच गेलंय त्याच्यापाशी मला बसवतं. बाकी कुणापाशी बसवत नाही. झुंगपाशी तर नाहीच, ती बिस्किटं देते."

चर्चचा हॉल भरला होता. दारातून गाणं ऐकू येत होतं, ढोलाच्या संथ ठेक्यावर. म्हातारी आत शिरली आणि गाणं मागच्या रांगेपासून पुढे असं विझत गेलं, ढोल शेवटी थांबला. पुढे टेबलावर बियाकचा तोच फोटो, पायरीवरचा, हिरवे बूट पुढे केलेला. फोटोच्या शेजारी एक खुर्ची ठेवली होती. रिकामी. मयताच्या आईची जागा. ती येणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी कुणाच्या तरी हातांनी ती मांडलीच होती.

म्हातारी सरळ जाऊन त्या खुर्चीत बसली.

पी झुंग पहिल्या रांगेतून उठून पुढे आली. "पी तियाल, तुम्ही कशाला..."

"नीट हाक मार, झुंग. बाळंतपणात माझा हात तूच धरला होतास. तेव्हापासून मारतेस तीच मार."

पी झुंगचे ओठ हलले. एकदा, दोनदा. मग ती खाली कोसळल्यासारखी तिच्या गुडघ्यांपाशी बसली आणि म्हणाली, "बियाकची आई. बियाकची आई. अगं बियाकची आई." हॉलमध्ये बाया मोठ्याने रडू लागल्या. बारा दिवस गिळलेली ती हाक चहूकडून यायला लागली. म्हातारी डोळे मिटून ऐकत राहिली. कुणीतरी पाठीवरून हात फिरवावा तशी ऐकत राहिली.

पास्टर सावरले. चष्मा पुसून मायक्रोफोनपाशी आले. "बंधुभगिनींनो, देवाच्या इच्छेने आपला प्रिय भाऊ बियाक प्रभूच्या ठायी झोपी गेला आहे, आणि..."

"पास्टर."

म्हातारीला मायक्रोफोन लागला नाही. रेम तिच्या मागे उभी होती. खुर्चीच्या पाठीवर ठेवलेली बोटं तिने घट्ट आवळली, कारण काय येणार ते तिला कळलं, आणि आता खोकून भागणार नव्हतं.

"तो झोपला नाही," बियाकची आई म्हणाली. "आणि ते देवावर घालू नका, त्याच्या डोक्यावर आधीच पुष्कळ आहे. माझा बियाक मेला. त्याला मारलं. आणि तिथे थांब, असं त्याला मी सांगितलं होतं."